सरांचं परस्पर सहाय्य

सरांशी तोंडी ठरलेली कुठलीही गोष्ट ठरलेली नसे. कॉलेजखालचा चहावाला "आलो सर, दोन मिनिटांत" म्हणाला, की सर चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारायचे, "ही सही झाली. अनुसमर्थन कधी?" चहावाल्यानं पहिल्या वर्षी या शब्दाचा अर्थ विचारला. पुढच्या वर्षी तो स्वतःच "घ्या सर, अनुसमर्थन" असं म्हणत ग्लास पुढं करायला लागला.

सरांचं म्हणणं साधं होतं. देश एखाद्या करारावर सही करतात तेव्हा फोटो निघतो. मग घरी जाऊन तो करार मान्य करतात, त्यासाठी आपले कायदे बदलतात, तेव्हा तो लागू होतो. या दोन गोष्टींच्या मध्ये कितीही वर्षं जाऊ शकतात, आणि जातात. सरांच्या मते माणसाचं बहुतेक आयुष्य या मधल्या काळातच सरतं. लग्न, नोकरी, बिल्डरनं कबूल केलेली दुसरी लिफ्ट, सगळीकडे सही झालेली असते.

आमचं कॉलेज चिंचवडला होतं. दिवसा जिथं प्राथमिक शाळा भरायची, त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी कायद्याचे वर्ग. बाकं लहान मुलांची, भिंतीवर बाराखडी, आणि त्या बाकांत गुडघे दुमडून बसलेली चाकण, भोसरी, तळेगावच्या कंपन्यांतली मोठी माणसं. फर्स्ट शिफ्ट संपवून थेट आलेली. पायात सेफ्टी शूज. कुणाला युनियनमध्ये पुढं जायचं होतं, कुणाला बढती हवी होती, कुणाचा गावाकडं भावकीशी जमिनीचा दावा चालू होता आणि वकिलावर विश्वास उरला नव्हता. आंतरराष्ट्रीय कायदा यापैकी कुणालाच नको होता. तो अभ्यासक्रमात होता म्हणून होता. सर तो शिकवायचे. पुढं सायबर गुन्ह्यांचा पेपर आला तेव्हा तोही सरांकडेच गेला, कारण असे गुन्हे हद्दी ओलांडतात आणि हद्दीपलीकडचं जे काही असेल ते सरांचं, असं प्राचार्यांचं सोपं गणित होतं. मी कायद्याचं इंग्रजी आणि भाषांतर शिकवायचो. म्हणजे आम्ही दोघंही तिथं जवळपास परदेशीच होतो.

सरांच्या तासाला वर्ग झोपायचा. सर कुणाला उठवत नसत. "झोपलेला माणूस हा सार्वभौम प्रदेश आहे," ते म्हणायचे. "परवानगीशिवाय आत शिरणं म्हणजे आक्रमण." आणि फळ्याकडं तोंड करून सावकाश समजावत राहायचे, की एका देशातलं कृत्य दुसऱ्या देशातही गुन्हा असेल तरच मदत मिळते, की सर्व्हर एका देशात, गुन्हेगार दुसऱ्यात, बळी तिसऱ्यात असेल तर तिन्हीकडच्या पोलिसांना एकमेकांचं तोंड बघावं लागतं, की युरोपात यावर एक करार कधीचा झालाय आणि आपण त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांत नवा करार आला तेव्हा सरांनी त्याचा आख्खा मसुदा छापून आणला. स्टाफरूममध्ये तो माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "वाचा. सगळ्यांनी सगळ्यांना मदत करायची आहे. कधी, तेवढं लिहायचं राहिलंय."

हा माणूस घरीही असाच असेल का, असं मला वाटायचं. तर तसाच होता. चऱ्होलीत त्यांची सोसायटी होती. मूळच्या गावकऱ्यांची जमीन, त्यावर टॉवर, आणि त्या गावकऱ्यांपैकीच एक गृहस्थ सोसायटीचे अध्यक्ष. सरांच्या घरी एका श्राद्धाला गेलो असताना मी सोसायटीच्या सभेला बसलो होतो. टाकी धुण्याच्या ठरावावर सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी या ठरावाला मान्यता देतो, परंतु कलम दोनबाबत माझा आरक्षित आक्षेप नोंदवावा." अध्यक्षांनी मान खाजवली. "सर, ह्यो ठराव हाय. करार न्हाई. टाकी धुवायची का न्हाई तेवढं सांगा."

"धुवावी."

"व्हय का? मंग बसा की."

सर बसले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना राग यायचाच नाही. समोरचा देश अजून करारात आलेला नाही, एवढीच ती नोंद असायची.

सायबर गुन्हे वाढले तसे सरांना हारतुरे यायला लागले. चाकणच्या एका मोठ्या कंपनीनं सायबर जागरूकता सप्ताह केला, त्याच्या उद्घाटनाला सर आणि शोभेला मी. दीपप्रज्वलन होतं, पण त्या हॉलमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रं होती, त्यामुळं समई विजेवरची. तिचा रिमोट एचआरच्या मॅनेजरच्या हातात. प्रमुख पाहुण्यांनी वातीजवळ हात नुसता न्यायचा, मॅनेजरनं बटण दाबायचं. सरांचा हात पोचायच्या आधीच वात पेटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बॅनरवर सरांच्या नावापुढं 'आंतरराष्ट्रीय सायबर कायदेतज्ज्ञ' असं छापलं होतं. सरांनी ते वाचलं आणि मला हळूच म्हणाले, "ही सही झाली."

भाषणात सर नेहमीचंच बोलले. "गुन्हेगाराला व्हिसा लागत नाही. पोलिसाला लागतो." यावर टाळ्या आल्या. मग ते पहिल्या रांगेतल्या परदेशी साहेबांकडं वळले आणि त्यांनी इंग्रजीत शांतपणे विचारलं, की आमच्या पोलिसांनी तुमच्या देशाला माहिती मागितली तर तुम्ही देता का? साहेब हसले. दुभाष्यानं काहीतरी सांगितलं, साहेब आणखी हसले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं तेवढ्यात सगळ्यांना पासवर्ड बदलण्याची शपथ दिली. परतताना चाकणच्या चौकात आमची गाडी कंटेनरांच्या मध्ये अडकली ती अडकलीच. सर शाल मांडीवर घेऊन बसले होते. तिची घडी नीट करत म्हणाले, "प्रश्न चुकीचा विचारला मी. त्यांनी मागितलं तर आपण देतो का, हे आधी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, कुणाला? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तेही आहेच."

परस्परता हा सरांचा एकमेव धर्म होता. आपल्याला उत्तर हवं तर आधी आपण दुसऱ्याला उत्तर द्यायचं. बाकीचा आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे, त्यांच्या भाषेत, लांबच्या नातेवाइकाला पाठवलेली लग्नपत्रिका. आला तर आनंद.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो. त्या पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात परिचारिका होत्या आणि मी ओळखायला लागलो तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सरांच्या बोलण्यातले अर्धे शब्द त्या ऐकत नसत आणि उरलेल्या अर्ध्यांना "बरं" म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी समोरचाच फ्लॅट आपल्या नावावर घेतला होता, बाहेरदेशी गेलेल्या मुलासाठी. मुलगा येणार नाही हे वर्षभरात कळलं. मग फ्लॅट भाड्यानं दिला. एजंटनं एक तरुण आणला. तिशीच्या आतला, मराठवाड्याकडचा, आधी चाकणला कंत्राटी कामगार होता आणि आता परदेशातल्या कंपनीच्या कस्टमर सपोर्टला आहे, असं सांगणारा. बरोबर आणखी तिघं-चौघं. करार झाला. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. एजंट म्हणाला, "होऊन जाईल सर, मी बघतो ना." आणि हद्दी, सह्या, अनुसमर्थनं यांवर आयुष्य घालवलेल्या या माणसानं मान डोलावली.

त्या तरुणाचा वहिनींना लळा लागला तो एका आजारपणात. जिन्यात भेटला तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं. "इकडं ये. डोळे बघू." पापणी खाली ओढली. "कावीळ आहे. किती दिवस झाले?" त्याला काही माहीतच नव्हतं. वहिनी स्वतः त्याला रक्त तपासायला घेऊन गेल्या, आणि मग तो बरा होईपर्यंत त्यांच्याकडंच जेवला. मऊ भात, मुगाचं पाणी, तेलाचा थेंब नाही. तो कुरकुरायचा. "काकू, एक भजं तरी की."

"गप. लिव्हर माझी नाही, तुझी आहे."

"तुमचीच समजा की काकू."

संध्याकाळी सर दारासमोरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि हा बाजूला जिन्याच्या पायरीवर. त्याला सरांचा विषय आवडायचा. "सर, समजा इथनं तिथं फोन केला आन् तिथला माणूस फसला, तर केस कुठं होती?" सर खूश. एकामागून एक देश, करार, अपवाद. "आन् समजा त्या पोलिसांनी इकडं विचारलं, तर किती दिवसांत उत्तर जातं?"

"दिवस? अरे, ऋतू विचार."

तो मनापासून हसायचा. पुढच्या वर्षी एलएलबीला नाव घालणार, असं त्यानं सांगितलं होतं. सर एकदा स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "इतक्या वर्षांत एक विद्यार्थी मिळाला हो. जागा." त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही.

मग एक दिवस फ्लॅट रिकामा. किल्ल्या वॉचमनकडं. वहिनींना वाईट वाटलं ते एवढंच, की जाताना सांगून गेला नाही.

पुढं बराच काळ गेला. एका रविवारी सकाळी सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या दिवाणखान्यात साध्या कपड्यांत एक पोलीस उपनिरीक्षक बसला होता. आमचाच जुना विद्यार्थी, मागच्या बाकावर नियमानं झोपणारा. आता तो सायबर गुन्हे बघायचा. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो कुणाला द्यावा हे त्याला कळत नव्हतं.

हकीकत अशी होती. युरोपातल्या एका देशातून मदतीची विनंती आली होती. ती दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून इकडं असा प्रवास करत त्याच्या टेबलावर पोचली होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना फोन जायचे, की तुमच्या नातवाच्या हातून अपघात झालाय, तो अटकेत आहे, सोडवायचं असेल तर आत्ता सांगतो तसं करा. ते फोन चऱ्होलीच्या या समोरच्या फ्लॅटमधून जात होते. टोळीतला मुख्य माणूस पुढं स्वतःच त्या देशात गेला आणि सापडला. पण तो म्हणत होता, की तो भलताच कुणी आहे, दुसऱ्या राज्यातला आहे, त्याला मराठी येत नाही आणि पुणे जिल्हा त्यानं पाहिलेला नाही. भाडेकरारावर आधार कार्ड दुसऱ्याच माणसाचं लावलेलं होतं. तेव्हा त्यानंच हा फ्लॅट भाड्यानं घेतला होता हे सांगायला त्यांनी करारावर सही केलेलं माणूसच मागितलं होतं. मालक. चेहरा पाहिलेला, बोललेला.

"सर," उपनिरीक्षक म्हणाला, "मी लिहून टाकतो. 'सदर पत्त्यावर चौकशी केली असता कोणी मिळून आले नाही.' संपला विषय."

सरांनी दारातून समोरच्या फ्लॅटकडं पाहिलं.

"सर, समजून घ्या. मॅडमचं नाव मालक म्हणून आहे. भाडेकरूची माहिती दिलेली नाही. जबाब दिला की पहिली केस मॅडमवर होणार. शिवाय चॅनलवाले. 'सायबर कायदेतज्ज्ञाच्या फ्लॅटमधून…' तुम्हीच बघा. माझे सर आहात तुम्ही, म्हणून घरी आलोय."

त्याच्यात कपट नव्हतं. त्याला खरंच सरांना वाचवायचं होतं.

"मिळून आले नाही," सर म्हणाले. "आपण हे लिहितो. तेही लिहितात. आणि मग मी वर्गात सांगतो की जग सहकार्य करत नाही." आणि मग स्वतःशीच, "ऋतू विचार म्हणालो होतो मी त्याला."

मला तेव्हा कळलं, की चॅनलवाल्यांची बातमी सरांच्या दृष्टीनं फार किरकोळ होती. त्यांच्या सगळ्या आयुष्यात ज्यानं त्यांचं मन लावून ऐकलं, त्यानं ते कशासाठी ऐकलं, हे त्यांना आत्ता या पेढ्यांच्या पुड्यासमोर समजलं होतं.

"पण घर माझं नाही," ते उठत म्हणाले. "जबाब हिचा लागेल."

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ते उभे राहिले. मला ते पाठमोरे दिसत होते. "अगं, हे बघ, मी तुला विनंती करतोय. आदेश नाही. परस्पर सहाय्यात विनंती नाकारण्याचा अधिकार असतो. आणि नाकारलीस तर कारण द्यायचंही…"

"गॅस बारीक करा आधी."

त्यांनी गॅस बारीक केला. वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि उपनिरीक्षकासमोर बसल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"पकडलाय म्हणजे जेलमध्ये आहे?"

"हो मॅडम."

"आणि ज्यांना फोन केले, ती म्हातारी माणसं?"

"एकटी राहणारी मॅडम, बहुतेक. तुमच्याहून मोठी."

वहिनींनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. "मला तो दिसेल का? पडद्यावर?"

"दिसेल. ओळखायचंच आहे ना."

"मग येते."

"अगं, पण तुझ्यावर केस…" सर म्हणाले. मागणी मान्य झाल्यावर ते नेहमी असेच गडबडायचे. त्यांना नकाराची सवय होती.

"तुम्हाला जबाब हवाय ना? मग आता मध्ये बोलू नका."

केस झाली. वहिनींनी चूक कबूल केली, दंड भरला. बातमी आली, सरांच्या त्या चाकणच्या शालीतल्या फोटोसकट. सोसायटीत लोक लिफ्टमध्ये गप्प राहायला लागले. पुढच्या वर्षी कॉलेजनं सरांना बोलावलं नाही, आणि कारण विचारल्यावर प्राचार्यांनी त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार मानले. हे सगळं नंतर. पण हे आधीच सांगितलेलं बरं, कारण वहिनींच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात काय झालं ते सांगून झाल्यावर मला आणखी काही सांगायचं नाही.

कोर्टातल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत दुभाषी म्हणून मला बसवलं होतं. वहिनींच्या मराठीचं इंग्रजी मी करायचं, त्या इंग्रजीचं त्यांच्या भाषेत तिकडच्या दुभाष्यानं. सुरुवातीला एक मोठे अधिकारी आले. भिंतीवर 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' असा कागद चिकटवला होता, त्याच्याखाली उभं राहून त्यांनी पडद्यासोबत फोटो काढला आणि ते गेले. पडद्यावर तेव्हा रिकामी खुर्ची होती.

सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बगलेत नव्या कराराच्या मसुद्याची फाईल. ही घटना त्यांच्याच तर विषयाची होती. फळ्यावर इतकी वर्षं जे बाण काढले, इथून दिल्ली, दिल्लीहून तिकडं, ते बाण आज या खोलीत येऊन पोचले होते. शिपाई त्यांना म्हणाला, "साक्षीदार तुम्ही आहात का?"

"नाही. पती."

"मग बाहेर बसा काका."

सर बाहेर बाकावर बसले. दार बंद झालं.

चालू व्हायला वेळ लागला. आवाज येईना, मग चित्र येईना, मग दोन्ही आलं. तिकडच्या न्यायाधीश बाई होत्या, पडद्यावर अगदी छोट्या दिसणाऱ्या. मी शपथ घेतली, की जे बोललं जाईल ते सगळं, काही न गाळता, काही न घालता भाषांतरित करीन. वहिनींनी शपथ घेतली. तिकडच्या वकिलानं विचारलं, फ्लॅट तुमचा का, भाड्यानं दिला होता का, माहिती पोलिसांना दिली होती का. वहिनी सरळ उत्तरं देत गेल्या. नाही दिली. आमची चूक. मग वकील म्हणाला, आता पडद्यावर एक व्यक्ती दिसेल. ती तुमच्या ओळखीची आहे का ते सांगा.

कॅमेरा फिरला. तो बसला होता, बाजूला पहारेकरी. केस बारीक कापलेले, गालांची हाडं वर आलेली. त्यानं सगळा वेळ इंग्रजीतच, तेही वकिलामार्फत, उत्तरं दिली होती असं मला आधी सांगण्यात आलं होतं. तो टेबलाकडं बघत होता.

वहिनी उठल्या. खुर्ची सरकवून त्या पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला.

"डोळे बघू," त्या म्हणाल्या.

त्यानं मान वर केली.

"परत कावीळ झाली का रे?"

आवाज तिकडं पोचायला क्षणभर लागायचा. तो क्षण मला नीट आठवतो. त्याच्या चेहऱ्यावर काही घडलं नाही. मोठ्या माणसानं तब्येत विचारल्यावर घरात वाढलेलं कुणीही जसं उत्तर देतं, तसं त्यानं दिलं.

"नाही की काकू. बरंय आता."

आणि मग त्यानं ओठ घट्ट मिटले. त्याला कळलं होतं. वहिनींना अजून कळलं नव्हतं. त्या पडद्यात त्याच्या डोळ्यांचा रंग बघत होत्या.

तिकडच्या कोर्टात हे कुणालाच समजलं नव्हतं. न्यायाधीश, वकील, त्यांचा दुभाषी, सगळे माझ्याकडं बघत होते. त्यांच्याकडचं मराठी जाणणारं माणूस एकच होतं आणि ते आता टेबलाकडं बघत होतं.

मी भाषांतर केलं. दोन्ही वाक्यांचं. कावीळ माझ्या इंग्रजीतून त्यांच्या भाषेत गेली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, साक्षीदार आरोपीची काकू आहे का, तसं असेल तर आधी का सांगितलं नाही. मी म्हटलं, नाही, आमच्याकडं शेजारच्या बाईला असं म्हणतात. त्यांनी ते लिहून घेतलं. त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

"साक्षीदारानं ओळखलं का?" पुन्हा प्रश्न आला.

वहिनी आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तोच आहे."

बाहेर सर उभेच होते. "काय झालं? परस्परतेबद्दल काही बोलले का न्यायाधीश?"

मी सांगितलं काय झालं ते. सर ऐकत राहिले. "मराठीत उत्तर दिलं त्यानं?" ते म्हणाले. "मग तर पुरावा म्हणून…" त्यांनी वहिनींकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

आम्ही रिक्षा शोधत रस्त्याच्या कडेनं चाललो. एकही रिक्षा थांबत नव्हती. वहिनी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. चौक आला. मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ते काविळीचं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"हो वहिनी. शपथ घेतली होती."

"मी ओळखते म्हणाले असते ना. ते सांगणारच होते मी. त्यासाठीच आले होते." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "पण ते साक्षीतलं नव्हतं. ते मी त्याला विचारलं होतं."

मी हात करत रस्त्यावर उतरलो.

एक रिक्षा थांबली. सरांनी फाईल आधी आत ठेवली, मग वहिनींना हात दिला. बसल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "अहो, तिकडं जेलमध्ये तेलकट देतात का?"

सरांनी तोंड उघडलं. कैद्यांना कसं वागवावं, त्यांना काय खायला द्यावं, आजारी असतील तर काय करावं, यावरचे जगाचे सगळे नियम त्यांना कलमांसकट पाठ होते. मी त्यांच्याच तोंडून ते ऐकले होते. कुठल्या देशानं सही केली, कुठल्यानं नाही, तेसुद्धा.

"माहीत नाही मला," सर म्हणाले.